यंदाची दिवाळीची सुट्टी वहीविना द्या

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि संस्थाचालक यांस,



पहिल्या सत्राचा शेवटचा पेपर झाला की मूल धावत घरी येतं आणि दप्तरातून एक कागद बाहेर निघतो. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : दिवाळी सुट्टीचा अभ्यास. कुठे रोज एक पान शुद्धलेखन आणि पाढे असतात, कुठे अख्खी छापील स्वाध्यायपुस्तिका असते, कुठे तक्ता, चिकटवही आणि प्रकल्प. शाळा उघडेल त्या दिवशी तारखा टाकून, पालकांची सही घेऊन हे सगळं बाईंच्या टेबलावर हवं असतं. पहिली ते पाचवीच्या मुलांना हा कागद देऊ नका, एवढं मागणं घेऊन हे पत्र लिहीत आहे. मागणं लहान आहे, पण त्यामागची कारणं सविस्तर सांगितली पाहिजेत, कारण हा कागद देणाऱ्या शिक्षकांचा हेतू वाईट असतो असं मला मुळीच वाटत नाही. मुलाचं नुकसान होऊ नये म्हणूनच तो दिला जातो. त्या नुकसानीचा हिशेब शाळेने एकदा घराच्या बाजूनेही मांडून पाहावा, एवढीच विनंती आहे.

हिशेब वेळेचा आहे. शाळेच्या वेळापत्रकात दिवाळीची सुट्टी ऐसपैस दिसते, म्हणून वाटतं की एवढ्या दिवसांत रोज तासभर अभ्यास केला तर काय बिघडणार आहे? पण ही सुट्टी मुलाला असते, घराला नसते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ठरावीक संख्येइतके किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला ८ भरपगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. त्यांतल्या चार २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर अशा ठरलेल्याच आहेत. उरलेल्या चारांत होळी, गणपती, दसरा, दिवाळी, ईद, नाताळ यांतलं काय बसवायचं ते मालक आणि कामगारांनी आपसांत ठरवायचं. दिवाळीच्या वाट्याला त्यातून एक, फार तर दोन दिवस येतात. त्याहून कमी माणसं असलेल्या दुकानात तेवढाही आधार नाही. कापड दुकानातल्या सेल्समनची किंवा मिठाईवाल्याकडच्या कारागिराची दिवाळी म्हणजे वर्षातले सर्वांत जास्त राबण्याचे दिवस. एसटीचे चालक-वाहक जादा गाड्यांवर असतात आणि दुसऱ्यांची मुलं आजोळी पोचवत असतात. पोलीस बंदोबस्तावर, नर्स ड्यूटीवर, अग्निशमन दलाचे जवान केंद्रावर. त्यांना रजा मिळते ती भाऊबीज उलटून गेल्यावर, आठवड्यातल्या एखाद्या आडवारी. आई, बाबा आणि मूल एकाच वेळी घरात आहेत आणि तिघंही मोकळे आहेत, असे दिवस मोजायला बसलं तर एका हाताची बोटं पुरतात. सुट्टीचा अभ्यास नेमका त्याच दिवसांत होतो, कारण सात वर्षांचं मूल आपण होऊन वही उघडत नाही. त्याला बसवावं लागतं, आणि बसवणारं माणूस घरी असेल तेव्हाच ते बसतं.

बहुतेक घरांत ही बसवणारी व्यक्ती आई असते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तिच्या अंगावर काय काय असतं, ते या पत्राच्या वाचकांना सांगायची गरज नाही. एका बाजूला करंजीची पारी लाटायची, पीठ सुकू नये म्हणून त्यावर ओलं फडकं टाकायचं, तळणीकडे लक्ष ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूला 'सतराचा पाढा म्हण' म्हणून ओरडायचं. मूल त्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वही घेऊन बसलेलं असतं. त्याला करंजीच्या कडेवरून कातणं फिरवायचं असतं, आणि नेमकं तेच करायला त्याला मनाई असते, कारण शुद्धलेखनाची चार पानं राहिलेली असतात. दिवाळीच्या दिवसांत मायलेकरांमध्ये होणारी बरीचशी चिडचिड या राहिलेल्या पानांवरून होते. शाळेला ती दिसत नाही. शाळा उघडल्यावर तिला दिसते ती पूर्ण झालेली वही, आणि त्यावर ती लाल शाईने 'छान' असा शेरा देते.

माहेरी जाणंही याच कागदावर अडतं. पाडवा झाला की बाई भाऊबीजेला माहेरी जाते, आणि मुलांना मामा, मावशी, मामेभावंडं एकत्र भेटतात ती याच मुक्कामात. मोठं घर असेल तर दहा-बारा मुलं एका ओळीत गाद्या टाकून झोपतात. या मुक्कामाच्या पिशवीत फटाक्यांच्या जागी स्वाध्यायपुस्तिका भरावी लागते. केंद्रीय मंडळांशी संलग्न असलेल्या अनेक शाळांत अडचण याहून मोठी आहे. तिथे दिवाळीला जेमतेम चार-पाच दिवस मिळतात आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्ग भरतात. पुण्या-मुंबईत राहणारं कुटुंब चंद्रपूरला किंवा सिंधुदुर्गात गावी गेलं, तर जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात. अशा शाळांनी सुट्टी वाढवावी की नाही हा त्यांच्या वर्षाच्या आखणीचा प्रश्न आहे आणि त्यात मी शिरत नाही. निदान ते चार-पाच दिवस तरी कोरे राहू द्यावेत.

आता किल्ल्याविषयी, कारण त्याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करण्याची आपली रीत मुलांनी मुलांसाठी सांभाळलेली आहे. कुणाच्या बांधकामावरून विटांचे तुकडे आणायचे, दगड रचायचे, वर गोणपाट भिजवून टाकायचं, चाळलेल्या मातीचा चिखल थापायचा. चिखल पातळ झाला तर उतारावरून ओघळतो, घट्ट झाला तर वाळून भेगा पडतात. मग मोहरी किंवा अळीव भुरभुरायचे आणि हाताने हलकं पाणी शिंपडायचं, धार सोडली तर सगळं बी तळाशी जमा होतं. कोंब यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणजे वसुबारसेला हिरवळ हवी असेल तर आधीच्या आठवड्यातच पेरणी झाली पाहिजे. गिरिदुर्ग करायचा की जलदुर्ग, यावर भांडण होतं. गुहेत वाघ ठेवायचा की तोफ, यावर पुन्हा होतं. शेवटी सिंहासनावर महाराज बसतात, पायऱ्यांवर मावळे उभे राहतात आणि संध्याकाळी बुरजावर पणती लागते. हे सगळं मुलं कुणी न सांगता करत आली आहेत. अलीकडे काही शाळांनी याच किल्ल्याला प्रकल्प केलं आहे : किल्ला करा, फोटो काढा, छापून चिकटवा, दहा ओळी माहिती लिहा, गुण मिळतील. गुण आले की किल्ला चांगला दिसायला हवा. चांगला दिसायला हवा म्हणून तो बाबा बनवतात, नाहीतर बाजारातून प्लास्टरचा तयार किल्ला येतो. मूल बाजूला उभं राहून फोटो काढून घेतं. जुलै २०२५ मध्ये शिवरायांच्या वारशातले १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांपैकी ११ आपल्या राज्यातले आहेत. याची माहिती वर्गात जरूर द्या, नकाशा काढून द्या, शक्य असेल तर सहल न्या. पण अंगणातला किल्ला मुलांकडेच राहू द्या. त्याला गुण देऊ नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. किल्ल्यातून भूगोल कळतो, फराळाची ताटं वाटताना गुणाकार पक्का होतो, अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, मग पीठ मुरवून ठेवताना धीर येतो, आणि अनारसा तुपात का हसला हे बघताना विज्ञान समजतं, हे सगळं खरं आहे. पण म्हणून सुट्टी द्या, असं माझं म्हणणं नाही. तसं म्हटलं की घरातला प्रत्येक क्षण शाळेच्या उपयोगाच्या तराजूत घालावा लागतो, आणि उद्या कुणी 'अनारशांचं निरीक्षण लिहून आणा' म्हणून सांगेल. मुलाने आईवडिलांबरोबर चार दिवस कसल्याही उद्देशाविना काढावेत, याला दुसऱ्या कशाचा पाठिंबा लागू नये. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याच्या ३१ व्या कलमात विश्रांती, फावला वेळ आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हटला आहे, आणि भारताने १९९२ साली तो करारनामा स्वीकारला आहे.

देशातल्या शिक्षणव्यवस्थेनेही हे अनेकदा सांगून झालं आहे. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ च्या अहवालात प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये असं म्हटलं. मुलाने घरच्या परिसरात काही शोधलं, पाहिलं, तर तेवढाच अपवाद. २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असा आदेश दिला आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने तशा सूचना राज्यांना पाठवल्या. २०२० च्या दप्तरविषयक राष्ट्रीय धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, अशी मर्यादा घालून दिली. ही मर्यादा शाळा चालू असतानाच्या दिवसांची आहे, हे लक्षात घ्या. शाळा चालू असताना आठवड्याला दोन तास, मग सुट्टीत रोज एक तास कोणत्या न्यायाने? शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. जे शिकवायचं ते या तासांत बसावं, अशीच त्यामागची कल्पना आहे. न बसलेलं उरलंसुरलं घरी पाठवण्याची सोय त्या कायद्यात कुठेही नाही.

शिक्षकांकडून येणारा पहिला आक्षेप मला मान्य आहे, निदान अर्धा तरी. सुट्टीत मुलं विसरतात. विसरतात हे खरं. अमेरिकेतले संशोधक हॅरिस कूपर यांनी १९९६ साली उन्हाळी सुट्टीवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सुट्टीनंतर मुलं साधारण महिनाभराच्या शिकण्याइतकी मागे पडलेली दिसली. वाचनापेक्षा गणितात जास्त. पण ती सुट्टी दोन-अडीच महिन्यांची असते, दिवाळीची काही आठवड्यांची. आणि त्याच कूपर यांनी २००६ साली गृहपाठावरचे अभ्यास तपासले, तेव्हा वरच्या वर्गांत गृहपाठ आणि यश यांचा जेवढा संबंध दिसला, तेवढा खालच्या वर्गांत दिसला नाही. विसरलेलं परत आठवण्यासाठी शाळा उघडल्यावरचा एक आठवडा उजळणीला द्या. बाईंच्या समोर, सवंगड्यांबरोबर केलेली ती उजळणी उंबऱ्यावर बसून घाईघाईने उतरवलेल्या चाळीस पानांपेक्षा कितीतरी जास्त टिकेल. ती पानं शेवटच्या दोन दिवसांत एकदम लिहिली जातात, हे प्रत्येक शिक्षकाला अक्षरावरून कळतं.

दुसरा आक्षेप असा की अभ्यास पालकच मागतात. सुट्टीत काही दिलं नाही तर शाळेकडे तक्रार येते, शेजारच्या शाळेने एवढं दिलं, तुम्ही काहीच कसं नाही दिलं. हा दाब खरा आहे आणि शिक्षकांना तो एकट्याने पेलावा लागतो, हेही खरं. म्हणूनच हे पत्र वर्गशिक्षकांबरोबर मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांनाही उद्देशून आहे. एका वर्गाच्या बाईंनी गृहपाठ दिला नाही तर ती त्यांची ढिलाई ठरते. शाळेने सूचना काढून सांगितलं तर ते धोरण ठरतं. ज्या पालकांना मुलाला बसवायचंच आहे ते बाजारातून सरावपुस्तिका आणू शकतात, त्यांना कुणी अडवलेलं नाही. ज्यांना बसवायचं नाही त्यांनाही शाळेने सक्ती करू नये. पालक म्हणून मी इतर पालकांनाही हेच सांगेन, पण हे पत्र त्यांच्यासाठी नाही.

मोबाइलचा मुद्दा तिसरा. अभ्यास नसेल तर मुलं दिवसभर मोबाइल बघतील. काही घरांत बघतीलही, आणि ती काळजी घरानेच करायची आहे. पण वही हा त्यावरचा उपाय नाही. मूल वही उरकतं आणि बक्षीस म्हणून मोबाइल मागतं, आणि थकलेले आईबाप तो देतात. शिवाय शाळाच आजकाल व्हॉट्सअ‍ॅप गटावर सुट्टीतले उपक्रम मागवते : आज पणती रंगवतानाचा फोटो पाठवा, उद्या रांगोळीचा, परवा अभ्यंगस्नानानंतर नवे कपडे घातलेला. ज्याच्या घरी एकच फोन आहे आणि तो बाबांबरोबर कामावर जातो, त्याचा फोटो गटावर येत नाही. ज्याच्या घरी यंदा नवे कपडे आले नाहीत, त्याचाही येत नाही. हे शिक्षकांच्या मनात नसतं. पण गटावरचे चाळीस फोटो दुसऱ्या घरांतली मुलं आणि त्यांच्या आया बघत असतात.

ज्या मुलांना घरी अभ्यास घेणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी तरी गृहपाठ हवा, असंही म्हटलं जातं. मला हे नेमकं उलटं वाटतं. बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून हजारो कुटुंबं साखर कारखान्यांच्या गळीत हंगामासाठी दिवाळीच्या आगेमागे घर सोडतात. कोयता घेऊन ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामान भरून निघालं की पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारच्या कोपीत काढायचे. काही मुलं आजी-आजोबांजवळ गावी राहतात, काही साखरशाळेत जातात, काही आईबापांबरोबर पाचटात. गावी राहणाऱ्या मुलासाठी दिवाळीचे ते चार दिवस म्हणजे उन्हाळ्यापर्यंत आईबरोबरचे शेवटचे दिवस असतात. त्या मुलाच्या हातात सुट्टीची वही देण्यामागे शिक्षकाचा कितीही चांगला हेतू असो, त्याच्या आईने ती वही तपासावी अशी अपेक्षा कुणीही करू नये. त्याला मदत करायची असेल तर ती शाळा उघडल्यावर, वर्गात करावी.

आणखी एक प्रश्न न्याय्य आहे. दिवाळी सगळ्यांचा सण नाही. आपल्या वर्गांत मुसलमान मुलं आहेत, ख्रिस्ती मुलं आहेत, ज्या घरांत हे सण वेगळ्या रीतीने पाळले जातात अशी मुलं आहेत. त्यांनाही सुट्टी मोकळीच मिळावी, त्यात अडचण काहीच नाही. त्यांच्या बाबतीत उलट जास्त जपायला हवं, कारण ईदला किंवा नाताळला बहुतेक शाळांत एखादाच दिवस मिळतो आणि पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी चाचणी ठेवलेली असते. ईदच्या रात्री पाहुण्यांनी भरलेल्या घरात चौथीचं मूल उद्याच्या पेपरसाठी कोपऱ्यात बसलेलं असतं. मुंबई, मालेगाव, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत हे सहज टाळता येईल. चाचणीची तारीख दोन दिवस पुढे ढकलायची, इतकंच करायचं आहे.

शिक्षकांच्या स्वतःच्या सुट्टीविषयीही बोललं पाहिजे. सुट्टीचा अभ्यास दिला की तो तपासावा लागतो, आणि शाळा उघडल्यावरचा पहिला आठवडा पन्नास मुलांच्या वह्यांवर सह्या करण्यात जातो. शिवाय प्रशिक्षणं, ऑनलाइन नोंदी आणि निवडणुकीचं काम असतंच. २०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. मतदान केंद्रांवरच्या कामाचा मोठा भार शिक्षकांवरच असतो, त्यामुळे त्या वर्षी कित्येक शिक्षकांच्या घरची दिवाळी कशी गेली असेल याची कल्पना करता येते. त्यांनाही लहान मुलं आहेत, त्यांच्याही अंगणात किल्ला व्हायचा असतो. संस्थाचालकांनी सुट्टीत शिक्षकांना कोणत्याही बैठकीला, अहवालाला किंवा प्रवेशाच्या प्रचाराला बोलावू नये, ही माझी मागणी मुलांच्या मागणीइतकीच मनापासून आहे.

एक वस्तू मात्र दप्तरातून घरी जाऊ द्या : शाळेच्या ग्रंथालयातलं एक पुस्तक. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत दिवाळी आणि वाचन यांची जोडी आहे. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून मुलांसाठी निघतं आहे. कपाटात कुलूपबंद असलेले त्याचे जुने अंक मुलांना सुट्टीपुरते द्या. त्यावर प्रश्न विचारू नका, सारांश मागू नका, किती पानं वाचली ते लिहून घेऊ नका. फाटून आलं तरी रागावू नका. दुपारी फराळ खाता खाता भावंडांनी एकमेकांना वाचून दाखवलं तर दाखवलं, नाहीतर परत आणून दिलं.

शाळा उघडल्यावरच्या पहिल्या आठवड्यात कोणतीही चाचणी ठेवू नका आणि सुट्टीच्या तारखा जूनमध्येच जाहीर करा, म्हणजे रजेचा अर्ज वेळेवर देता येतो आणि एसटीचं, रेल्वेचं आरक्षण मिळतं. ऐन वेळी दोन दिवस पुढेमागे झाले की सर्वांत आधी रद्द होते ती गावची फेरी.

पहिल्या सत्राचा शेवटचा पेपर होईल तेव्हा दरवर्षीप्रमाणे सूचनेचा कागद निघेलच. त्यावर यंदा तीन ओळी लिहा : शाळा कधी बंद होणार, कधी उघडणार, आणि सुट्टीत कोणताही अभ्यास दिलेला नाही. खाली मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का असू द्या, म्हणजे कुठल्याही पालकाला त्याविषयी वर्गशिक्षकांशी वाद घालता येणार नाही.

आपला नम्र,
एक पालक